पोडाची वाट धरण्याआधी

जंगलात पायी फिरणाऱ्या यवतमाळकरांना जाहीर आवाहन



दिवाळी सरली की आपल्याकडच्या भटक्या मंडळींचे पाय शिवशिवतात. सह्याद्रीसारखे गडकिल्ले इथे नाहीत, पण राळेगाव, घाटंजी, केळापूर, झरी जामणीच्या सागवानी टेकड्यांमधून कोलाम आदिवासींच्या पोडांकडे, म्हणजे वस्त्यांकडे, जाणाऱ्या पाऊलवाटा आहेत. त्या वाटांनी जरूर चाला. मात्र पोडातला माणूस सोबत असल्याशिवाय नको, एवढीच विनंती.

सागाची पानगळ सुरू झाली की वाट पानांखाली गडप होते. पाऊलवाट कुठली आणि ढोरवाट कुठली, हे मोबाईलच्या नकाशाला कळत नाही. नाल्यात उतरलं की रेंजही जाते.

शिवाय हा वाघाचा मुलूख आहे. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. वाघ त्या हद्दीत थोडाच मावतो! २०१९ मध्ये इथला एक तरुण नर तेराशे किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. त्याआधी २ नोव्हेंबर २०१८ ला राळेगाव तालुक्यात अवनी वाघीण मारली गेली. तिच्यावर तेरा बळींचा ठपका होता, आणि ते सगळं घडलं अभयारण्याबाहेर, शेताशिवारालगत. आपण फिरून घरी येतो. बिथरलेल्या जनावराच्या शेजारी राहायचं असतं ते पोडाला.

मार्च-एप्रिलच्या पहाटे तर या वाटा सोडूनच द्या. मोहफुलं त्याच वेळी गळतात. बाया टोपली घेऊन झाडाखाली वाकून वेचत असतात, आणि त्याच फुलांवर अस्वलाचाही डोळा असतो. तिथे आपली गर्दी, गाणी, ड्रोन कशाला? बिडीचं थोटूक किंवा चुलीतला निखारा मागे ठेवणाऱ्याला तर आम्ही भटका मानतच नाही. वाळलेल्या सागपानांना ठिणगी पुरते, आणि त्या आगीत पोडाचा तेंदू आणि मोह दोन्ही जातात.

वाटाड्याला 'चहापाणी' देऊन मोकळे होऊ नका. दिवसाची मजुरी निघण्याआधी ठरवा आणि रोख द्या. वाटेचं लोकेशन समाजमाध्यमांवर टाकू नका. हौशी टोळक्यांना आमंत्रण लागत नाही. टिपेश्वरच्या हद्दीत परवान्याशिवाय शिरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तिथे 'शॉर्टकट' शोधू नका.

पायात बूट, पाठीवर पुरेसं पाणी असू द्या आणि परतायची वेळ घरी सांगून निघा. जंगलात आग किंवा जखमी जनावर दिसलं, तर रेंजमध्ये येताच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.