राखीव सर्व्हर आणि शेतकऱ्याचा दूरध्वनी

शेतकऱ्याची अडचण वेळकाळ पाहून येत नाही. फुलोऱ्यातील तुरीवर अळी दिसली, म्हणजे सल्ला वेळीच मिळावा लागतो. ही निकड ओळखून केंद्रीय कृषी मंत्रालयाने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू केले. १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत शेतकऱ्यास स्वभाषेत सल्ला मिळतो.

शेतकऱ्यास केवळ सल्लागाराचा आवाज ऐकू येतो. त्यामागील यंत्रणा दिसत नाही. अशा कोणत्याही केंद्रात एक संगणकीय घटक दूरध्वनी स्वीकारतो, दुसरा तो मोकळ्या सल्लागाराकडे वळवितो आणि तिसरा प्रश्नोत्तरांची नोंद ठेवतो. हे घटक ज्या संगणकांवर चालतात, त्यांस सर्व्हर म्हणतात. यांपैकी एक अडला तरी सारे काम अडते. म्हणून जोडीला राखीव सर्व्हर ठेवण्याची पद्धत आहे. मुख्य सर्व्हरकडून येणारा ‘चालू आहे’ हा संकेत थांबला, की राखीव सर्व्हरने काम हाती घ्यावे, अशी ही योजना असते.

परंतु राखीव सर्व्हर बसविला म्हणजे निश्चिंती झाली, ही समजूत घातक आहे. जाणता शेतकरी कोठीत बी आहे एवढ्यावर विसंबत नाही. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून त्यांची उगवण पाहतो. राखीव सर्व्हरचीही अशीच परीक्षा व्हावयास हवी. रात्री केंद्र बंद असताना मुख्य सर्व्हर मुद्दाम थांबवावा आणि राखीव सर्व्हर खरोखर काम उचलतो की नाही, हे दरमहा पाहावे.

आणखी काही पथ्ये अगत्याची आहेत. एकाच विहिरीवर दोन पंप बसविले, तरी विहीर आटल्यावर पाणी मिळत नाही. तद्वतच दोन्ही सर्व्हर एकाच वीजजोडणीवर व एकाच दूरध्वनी वाहिनीवर असू नयेत. दोन्ही सर्व्हर कामास जुंपले असल्यास प्रत्येकावर निम्म्याहून अधिक भार नसावा. दोहोंवर ७० टक्के भार असेल, तर एक पडताच दुसऱ्यावर १४० टक्के येईल व तोही बसेल. प्रणालीतील बदल दोन्हींवर एकाच वेळी करू नये. शिवाय, एकीकडे चुकून पुसलेली नोंद जोडीदाराकडूनही पुसली जाते. म्हणून नोंदींची वेगळी प्रत जपणे अवश्य आहे.

रिकाम्या यंत्रावर आणि त्याच्या परीक्षेवर खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. दूरध्वनी न लागलेला शेतकरी पुन्हा प्रयत्न करीलच असे नाही. तो जवळच्या दुकानात जाऊन मिळेल ते औषध आणतो. यंत्रणाच बंद असल्यास त्याच्या हाकेची नोंद केंद्राकडे राहत नाही. ती हाक गावालाच ठाऊक असते.

म्हणूनच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी न लागलेल्या दूरध्वनीची तारीख व वेळ टिपून ती तालुका कृषी कार्यालयास कळवावी, आणि शेतकऱ्यास कृषी विज्ञान केंद्राचा क्रमांकही देऊन ठेवावा. वरिष्ठांनी सर्व्हर किती आहेत एवढेच विचारू नये. राखीव सर्व्हरवर शेवटचे काम कोणत्या तारखेस चालविले, हे विचारावे.