आजार शोधताना ‘सगळे स्वीकारा’ दाबू नका

दवाखान्यात तुम्ही आवाज खाली करून जे सांगता, तेच मोबाईलवर बिनधास्त टाइप करता. सिकलसेल, गुप्तरोग, मूल न होणं. आपल्या लाखनीकडे सिकलसेलची कुजबुज झाली तरी स्थळ मोडू शकतं, हे मी तुम्हाला काय सांगावं!

आरोग्याच्या अनेक साइटवर जाहिरात कंपन्यांच्या कुकीही असतात. कुकी म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली खुणेची चिठ्ठी. दुसऱ्या साइटवर तीच कंपनी ती चिठ्ठी वाचते आणि तुम्हाला ओळखते. ग्राहकांची औषधांची माहिती फेसबुक, गूगलला दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेतल्या गुडआरएक्सला २०२३ मध्ये १५ लाख डॉलर दंड भरावा लागला.

म्हणून क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘थर्ड-पार्टी कुकी’ शोधून ब्लॉक करा. साइट क्वचितच अडते. अडलीच तर तेवढ्यापुरती सूट द्या. फायरफॉक्स आणि सफारी अशा कुकींना मुळातच आवर घालतात. परवानगीची पट्टी आली की ‘नाकारा’ दाबा, ते बटण मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं. इन्कॉग्निटोवर फार विसंबू नका. फोनवर हिस्टरी राहत नाही, घरात फोन सगळ्यांच्या हाती फिरतो तेव्हा तेवढाच उपयोग. साइटला तुम्ही दिसताच. आणि गूगलमध्ये लॉगिन असाल तर शोध तुमच्या खात्यात नोंदला जाऊ शकतो. तो ‘माय ॲक्टिव्हिटी’मध्ये जाऊन वेगळा पुसावा लागतो.