मेडिकलवाल्यांनो, १ तारखेपर्यंत मुदत

छत्रपती संभाजीनगरातल्या मेडिकल मालकांना आणि आपलं सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्या फार्मासिस्टांना हा जाहीर इशारा आहे. येत्या १ तारखेच्या आत दुकानं कायद्याप्रमाणे चालवायला लागा. त्यानंतर विनवण्या बंद, थेट लेखी तक्रार.

मी स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, आतलं सगळं मला ठाऊक आहे. भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं, तो माणूस वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करतो आणि काउंटरवर नुकतंच मिसरूड फुटलेलं पोरगं डॉक्टरचं अक्षर अंदाजानं लावतं. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. त्या पोरावर माझा राग नाही. तुटपुंज्या पगारावर त्याला तिथं उभं करणाऱ्यावर आहे.

पट्टी कशी कापली जाते ते नीट बघा. बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो, उरलेल्या चार गोळ्या खाकी पाकिटात जातात. बिल मागितलं तर "कशाला पाहिजे?" सिल्लोड-कन्नडहून घाटी रुग्णालयात आलेला पेशंट ते पाकीट घेऊन एसटीनं घरी जातो. रात्री अंगावर पुरळ उठलं, तर काय घेतलं हे सांगायला त्याच्याकडे चिटोरंही नसतं.

२०२५ मध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपनं मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं मारली. औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं. त्या लेकरांपैकी कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं एसआर-१३ या बॅचची विक्री थांबवायला सांगितली. उद्या अशीच बाटली गारखेड्यातून किंवा टीव्ही सेंटरवरून बिलाशिवाय गेली, तर ती कुणाच्या घरात आहे हे कसं शोधणार? बिलावरचा बॅच नंबर हा एवढ्याचसाठी असतो.

चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि ज्यांची वेगळी नोंद ठेवायची, अशा औषधांची यादी म्हणजे शेड्यूल एच-१, मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झिम, ट्रामाडॉल, अल्प्राझोलम, नायट्राझेपाम ही औषधं त्यात येतात. चिठ्ठी पाहायची, डॉक्टर आणि पेशंट यांची नावं, औषध, संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहायची, ते ३ वर्षं जपायचं. या शहरात नशेच्या गोळ्यांना पोरं 'बटन' म्हणतात, पोलीस त्या वरचेवर पकडतात. चिठ्ठीविना एक पट्टी देणाऱ्यानं आपण कोणत्या धंद्याला हातभार लावतोय ते ओळखावं.

इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना शटर ओढताना फ्रिजसकट मेन स्विच बंद करणारे मालक मी पाहिले आहेत. असं इन्सुलिन टोचूनही साखर उतरत नाही, मग डॉक्टर डोस वाढवतात.

"फार्मासिस्ट मिळत नाहीत," ही सबब चालणार नाही. उस्मानपुऱ्यात शासकीय फार्मसी महाविद्यालय आहे, खासगीही आहेत. पोरं दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना पूर्ण पगार द्यायचा नाही, एवढंच खरं आहे. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर असण्याचा नियम कडक केला, तेव्हा औषध विक्रेत्यांनी बंद पुकारले होते. आता पुकारलात तरी तक्रारी थांबणार नाहीत.

१ तारखेपासून जिथं फार्मासिस्ट हजर नसेल, पक्कं बिल मिळणार नाही, एच-१ चं रजिस्टर नसेल, त्या दुकानाची तारीख-वेळेसह तक्रार औषध प्रशासनाच्या इथल्या कार्यालयात जाईल. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे. सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्याचं नाव महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे पाठवीन. नोंदणीतून नाव गेलं की शिक्षण वाया गेलं, हे घरी आत्ताच सांगून ठेवा.

नागरिकांनो, औषध हातात घेण्याआधी विचारा, "फार्मासिस्ट कोण?" बॅच नंबर लिहिलेलं बिल घ्या. टाळाटाळ झाली तर प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर त्याच दिवशी कळवा.