नाव कोरायचंय?

रविवारी येरवड्याची आमची वानरसेना जुन्नरच्या शिवनेरीवर! सात दरवाज्यांपैकी पाचवा, शिवाई दरवाजा ओलांडून देवीला नमस्कार केला. देवळामागं कातळात लेणी आहेत. तिथं बंड्यानं खिळा काढला.

“अरे, काय करतोस?”

“नाव लिहितो, काका. सगळ्यांनीच लिहिलंय!”

“२ वर्षांपर्यंत तुरुंग, नाहीतर १ लाखापर्यंत दंड!”

येरवड्याचं पोर ते, तुरुंगाची भिंत रोज बघतं. हटेना. “जुन्या लोकांनीही कोरलंच की!”

खरंच होतं. याच गडाच्या लेण्यांत सातवाहन काळातल्या चिट नावाच्या यवनाचं नाव आहे, ब्राह्मी लिपीत.

“त्यानं भिक्षूंना भोजनमंडप दिला, मग नाव कोरलं. तू काय देतोस?”

बंड्या खजील झाला. “काका, तूर्तास हा खिळा घ्या!”