खाजेचा केसपेपर

रात्री उशिरा सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात पोराला कडेवर घेऊन बाई येते. अपघात नाही, विंचू नाही, ताप नाही. पोराचे अंग खाजते, तिचेही. "ही काय इमर्जन्सी? सकाळी ओपीडीला या," असे उत्तर मिळाले तर ती गुमान परत जाते.

पण खरूज रात्रीच जास्त खाजते, हे वैद्यकशास्त्रच सांगते. आणि सकाळ तिच्या मालकीची नसते. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंबकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने सकाळ दवाखान्यात घालवली, तर मुकादम खाडा धरतो आणि तो उचलीच्या कर्जात चढतो.

खरूज घाणेरडेपणाने होते, हा समज खोटा आहे. ती दाटीने होते, अंगाला अंग लागून पसरते. पहिली लागण झाल्यावर तीन ते सहा आठवडे खाजही सुटत नाही. म्हणजे एकीला कळेपर्यंत कोपीतल्या साऱ्यांना ती लागलेली असू शकते. म्हणून परमेथ्रिनचे मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, आठवड्याने पुन्हा लावायचे आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवायचे. केसपेपर मात्र एकाच नावाचा आणि ट्यूबही एकच. ती आधी पोरांना, मग नवऱ्याला लागते. बाईच्या वाट्याला काय उरते? शिवाय पाण्याचा हंडा लांबून डोक्यावर आणणाऱ्या बाईला गरम पाण्याने अंथरूण धुवा म्हणून सांगायचे, ही थट्टाच की!

खाजवून पू झाला, तर काही वेळा मूत्रपिंडालाही सूज येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. दुर्लक्ष कुणाचे, ते यादीत लिहिलेले नाही.

खुरपणाऱ्या बायकांचे दुखणे वेगळे. गाजर गवताने पापण्या, मान, कोपराचे खळगे पेटतात. मग दुकानातून स्टेरॉईडचे मलम येते. अशी कित्येक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 मध्ये झाला, तरी ती मिळतातच. गजकर्ण असेल तर त्या मलमाने खाज दबते आणि रोग पसरतो.

औषध घेतल्यावर अंगावर फोड, तोंडात जखमा, ताप आला, किंवा गांधी उठून श्वास लागला, तर मात्र सकाळची वाट पाहू नका. गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन ताबडतोब निघा.

बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. या बायकांच्या तब्येतीचा गवगवा झाला तो पिशवीपुरता. कातडीकडे कोण बघणार?

दसऱ्याआधी, टोळ्या हलायच्या आत, गटांनी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लेखी मागावे: तपासणी गावातच, संध्याकाळी व्हावी, आणि मलम माणशी मोजून मिळावे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.