सगळ्या घरांची एकच किल्ली

आमच्या देशपांडे नगरात गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवतात. तुळशीला पाणी घालायचे असेल, तर फाटकाची किल्ली देतात, तिजोरीची नव्हे. त्यात काकूंचा अपमान नसतो. संगणकापुढे बसल्यावर मात्र हा साधा व्यवहार आपण विसरतो.

संगणकात प्रत्येक प्रोग्रामला स्मृतीचे स्वतःचे पत्ते मिळतात. ते खरे नसतात. कर्नलने मांडलेल्या तक्त्यावरून प्रोसेसर त्यांचे खऱ्या पत्त्यांत रूपांतर करतो, बहुधा ४०९६ बाइटांच्या एकेका पानाने. म्हणूनच एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या घरात शिरत नाही. परंतु लिनक्समध्ये '/डेव्ह/मेम' नावाची फाइल आहे. रूट होऊन ती उघडली आणि 'एमएमॅप' केले, की कर्नलने अडवले नसल्यास खरी स्मृती थेट आपल्या हाती येऊ शकते.

हा उद्योग मीही केला. रास्पबेरी पायच्या पहिल्या मॉडेलसाठी लिहिलेला, दिवा लावण्याचा प्रोग्राम मी दुसऱ्या मॉडेलवर जसाच्या तसा चालवला. पहिल्यात ५१४ मेगाबाइटच्या पत्त्यावर पिनांची रजिस्टरे होती. २०१५ साली आलेल्या दुसऱ्यात १ गिगाबाइट रॅम. त्याच पत्त्यावर आता साधी रॅम होती. दिवा लागला नाही, यंत्र मात्र बंद पडले. मी कोणाच्या घरात लिहून आलो, हे मला आजही ठाऊक नाही.

म्हणून काही जण म्हणतात, विद्यार्थ्यांना हे शिकवूच नये. मला ते पटत नाही. यंत्राच्या अंतरंगाला हात लावल्यावाचून अभियंता घडत नाही. प्रश्न किल्ली द्यावी की नाही हा नसून कोणती द्यावी हा आहे. २०१२ साली सॅमसंगच्या काही फोनांत अशीच एक फाइल सर्वांना खुली असल्याचे आढळले. कोणत्याही ॲपला साऱ्या फोनचा ताबा घेता येत होता. उलट, लिनक्समध्ये २००७ पासून 'यूआयओ' आहे; त्यातून एका उपकरणापुरतीच स्मृती प्रोग्रामला मिळते. रास्पबेरी पायवरही 'जीपीआयओमेम' ही केवळ पिनांपुरती फाइल आहे.

प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे: स्वतंत्र बोर्डावर आम्हांला मनसोक्त चुकू द्यावे, सर्वांच्या यंत्रावर मात्र फाटकाचीच किल्ली द्यावी. आणि विद्यार्थिमित्रहो, परवानगी नाकारली गेली, की लगेच रूट होऊ नका. आपल्याला नेमके कोणते दार हवे आहे, हे आधी स्वतःला विचारा.