मांडवांतील शिट्टी आणि हरवलेला शब्द

बीड जिल्ह्याचें नांव निघालें कीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस प्रथम अंबाजोगाई आठवते. कारण तेथील योगेश्वरी ही कित्येक कोंकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी होय. मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधि त्याच गांवीं, आणि वैद्यनाथाचें परळी तेथून जवळच. अशा या प्रांतांत मार्गशीर्षांतील देवीचा उत्सव, महाशिवरात्र आणि गांवोगांवचे हरिनाम सप्ताह यांच्या निमित्तानें कीर्तनश्रवणाचा योग वारंवार येतो. परंतु कीर्तन ऐन रंगांत आलें असतां ध्वनिक्षेपक एकाएकीं कर्कश शिट्टी मारतो, बुवा दचकून माईकपासून दूर होतात, आणि निरूपणाचा धागा तुटतो. याहून मोठें दुःख निराळेंच आहे. आवाज वेशीपर्यंत पोंचतो, पण मांडवांत पुढें बसलेल्या वृद्ध मंडळींस शब्द उमजत नाहीं. “आवाज फार होता, पण बुवा काय बोलले तें कळलें नाहीं,” ही तक्रार कोणत्या घरीं झाली नसेल? तिचा विचार आज करूं.

शिट्टीचें कारण समजण्यास अवघड नाहीं. बुवांचा शब्द माईकमध्यें जातो, यंत्रांत मोठा होतो व भोंग्यांतून बाहेर पडतो. तोच शब्द फिरून माईकमध्यें शिरला कीं पुन्हां मोठा होऊन बाहेर येतो. हें चक्र ज्या स्वरास सर्वांत अनुकूल पडतें, तो स्वर क्षणार्धांत इतर सर्वांस गिळून टाकतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सेन यांच्या नांवानें हा परिणाम ओळखला जातो. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, दोष सगळ्या आवाजाचा नसतो, एखाददुसऱ्या स्वराचा असतो.

तो एकच स्वर हुडकून दाबण्याचें साधन म्हणजे ग्राफिक इक्वलायझर नांवाची पेटी. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनि ऐकूं येतात. या पेटींत त्यांचे ३१ भाग पाडलेले असतात, म्हणजे एका सप्तकाचे तीन. आणि प्रत्येक भागास एक सरकतें बटण असतें. बटण मध्यावर असतां तो भाग जसाचा तसा राहतो, वर नेल्यास वाढतो, खालीं आणल्यास कमी होतो. बटणांची रांग पाहतांच आवाजाची आकृति डोळ्यांपुढें उभी राहते. टेक्सासचे प्राध्यापक बोनर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत सभागृहांतील दोषी स्वर शोधून तेवढेच कमी करण्याची पद्धत पुढें आणली. तिचें तत्त्व आमच्या गृहिणींस नवें नाहीं: तांदूळ निवडतांना खडे वेंचावयाचे असतात, तांदूळ टाकावयाचे नसतात.

हें काम श्रोते येण्यापूर्वी उरकावें. सर्व माईक आपापल्या जागीं उभे करून आवाज हळूहळू वाढवीत न्यावा. शिट्टीचा पहिला गुंजारव सुरू होतांच तो कोणत्या बटणाचा आहे तें शोधून तेवढेंच बटण सुमारें तीन डेसिबल खालीं घ्यावें. मग पुन्हां आवाज वाढवून दुसरा स्वर शोधावा. असे चारपांच झाले कीं थांबावें, आणि एकंदर आवाज थोडा कमी करून कीर्तनास आरंभ करावा. याहून अधिक बटणें खालीं आणावीं लागत असतील तर दोष पेटींत नसून मांडणींत आहे. सर्वच बटणें वर चढविणें म्हणजे तर केवळ आवाज वाढविणें होय.

मांडणीचे नियम साधे आहेत. भोंगे माईकच्या पुढें, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. माईकचें तोंडापासूनचें अंतर निम्मे केल्यास बुवांचा आवाज सहा डेसिबलांनीं वाढतो. हा लाभ फुकटचा आहे. उलट उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली कीं तीन डेसिबलांचें नुकसान होतें. टाळकऱ्यांची रांग बुवांच्या पाठीशीं असते व टाळांचा किणकिणाट सर्व माईकांत शिरतो. म्हणून त्यांच्यापुढें निराळे माईक मांडण्याची गरज बहुधा नसते.

या पेटीच्या शक्तीलाही मर्यादा आहे. दगडी सभामंडपांत घुमणारा नाद तिला आवरत नाहीं, कारण तो स्वराचा दोष नसून वेळेचा आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. ३४ मीटरांवरील भोंग्याचा शब्द सेकंदाच्या दहाव्या भागानें मागें पडतो व जवळच्या शब्दांत मिसळतो. तेथें भोंगे कमी करून ते श्रोत्यांच्या जवळ आणणें हाच उपाय.

आतां वृद्धांच्या तक्रारीकडे वळूं. स्वरांचें बळ खालच्या कंपनांत असतें, परंतु शब्दाची ओळख व्यंजनांनीं पटते, आणि त, स, श, च यांची तीक्ष्णता मुख्यतः २,००० च्या वरील भागांत असते. वयोमानानें श्रवणशक्ति प्रथम वरच्या बाजूसच क्षीण होते. असें असतां कांहीं यंत्रचालक मृदंगाची धूम व टाळांची झळाळी खुलावी म्हणून दोन्ही टोकांचीं बटणें वर चढवितात व मधलीं खालीं ओढतात. ऐकणारा तरुण खूष होतो. आजींच्या वांट्याचा शब्द मात्र त्या खळग्यांत जातो. बुवांच्या माईकचा ८० कंपनांखालील भाग कमी करावा, मध्य राखावा. शब्द आपोआप पुढें येतो.

दुसरी चिंता मुलांची. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसावा, आणि पुढें प्रत्येक तीन डेसिबलांस ती मुदत निम्मी करावी, असा श्रवणरक्षणाचा दंडक आहे. त्या हिशेबानें १०० डेसिबलांजवळ पाव तासच पुरे. आणि मुलें तर भोंग्याला टेकून बसतात! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली असून, सवलतीचे मोजके दिवस सोडतां रात्रीं १० ते सकाळीं ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी केली आहे.

सप्ताहाच्या व उत्सवाच्या व्यवस्थेंत आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचा हात असतो. त्यांस आमची एवढीच विनंती कीं, यंत्रवाल्यास ठरवितांना “भोंगे किती?” हा प्रश्न मागें ठेवावा. कीर्तनापूर्वी अर्धा तास त्यास मोकळा द्यावा. घरांतील सर्वांत वृद्ध माणसास मांडवाच्या मध्यावर बसवून चार वाक्यें ऐकवावींत, आणि “शब्द कळला” असें त्यांच्या तोंडून येईपर्यंत त्या पेटीवरून हात काढूं देऊं नये.